पेडलपासून दोन इंच

प्रताप नगरात आमच्या गल्लीतले लोक मला 'विमानवाले' म्हणतात. त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, मी विमानतळावर मोठ्या विमानांची दुरुस्ती करतो. मी तो गैरसमज कधी दुरुस्त केला नाही. खरं सांगायचं तर गेली कित्येक वर्षं मी एका लहान कंपनीत एकच विमान बनवत आलो आहे. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढंसं विमान, उडायला शिकणाऱ्यांसाठी. एका सीटवर शिकणारा, दुसऱ्या सीटवर शिकवणारा. दोघांच्या हाताशी सारखीच दांडी, दोघांच्या पायाशी सारखीच पेडलं.

त्यात कॉकपिट माझ्याकडे होतं. बसणाऱ्याचा हात कुठवर जाईल, पाय कुठवर पोचेल, मान न वळवता काय दिसेल, हे ठरवायचं माझं काम. म्हणजे पुढे जे झालं, ते माझ्याच टेबलावर सुरू झालं. बायकोला हे मी सांगितलं, पण तुकड्या-तुकड्यांनी. सलग आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

वर्धा रोडवर शहर मागे पडलं की आत एक पत्र्याची शेड आहे. तीस-एक माणसं. मे महिन्यात तिथे दुपारी उभं राहवत नाही. विमानाचं अंग आम्ही काचतंतूंच्या कापडावर रेझिन हा चिकट द्रव लावून बनवायचो, आणि उन्हाळ्यात ते रेझिन वाटीतच घट्ट व्हायचं. म्हणून मे-जूनमध्ये पहाटे पाचला कामाला लागायचो नि दहाला थांबायचो. आमचे मुख्य डिझायनर, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे, ते मुंबईची मोठी नोकरी सोडून आले होते. विमान आपल्या हातून उडालं पाहिजे, याखेरीज त्यांना दुसरं काही सुचत नसे. मलाही सुचत नव्हतं. ते दिवस चांगले होते, हे मला आधी सांगून टाकलं पाहिजे.

खरं कॉकपिट बनवण्याआधी प्लायवूडचं बनवतात. मापं बरोबर आहेत की नाही ते त्यात बसून बघायचं. आमचं प्लायवूडचं कॉकपिट एका मिस्त्रींनी बनवलं. ते सावनेरहून रोज बसने यायचे. आधी एका फाउंड्रीत लाकडाचे साचे करायचे. माझा कागद बघून ते इतकं नेमकं काम करत, की माझ्याच ड्रॉइंगमधली चूक मला त्यांच्या लाकडात दिसायची. पन्नाशीचे, बारीक, आणि उंचीने पाच फूट एक इंच.

ती उंची मला इतकी पक्की आठवते, कारण मीच ती फुटपट्टीने मोजली होती.

आम्ही ठरवलं होतं की या विमानात पाच फूट एक इंचापासून सहा फूट दोन इंचापर्यंत कोणीही नीट बसू शकलं पाहिजे. ज्या दिवशी तपासणी होती त्या दिवशी साहेब बसले, मी बसलो, आमचे टेस्ट पायलट बसले. हे हवाई दलातून निवृत्त झालेले, त्यांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणत. सगळे उंच. बुटकं माणूस कोणी नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं, मिस्त्री आहेत ना.

मिस्त्रींनी आत पाय टाकण्याआधी चपला काढल्या. आम्ही सगळे बूट घालून बसलो होतो. ते सीटवर टेकले, पट्टा लावला, दांडी धरली. मग मी म्हटलं, "डावं पेडल पूर्ण दाबा." त्यांनी दाबलं. अंगठा पेडलवरून घसरला. पुन्हा दाबलं.

"सर, पाय पुरून नाही राहिला."

"थोडे पुढे सरका."

"पुढं सरकलो तं पाठ सुटते. मंग जोर कशाच्या भरवशावर लावू?"

ते बरोबर बोलत होते. पेडल दाबायला पाठीला टेका लागतो. मला ते कळत होतं. पण साहेब उभे होते, कॅप्टनसाहेब उभे होते, आणि त्याच आठवड्यात पैसे गुंतवणारे लोक ड्रॉइंग बघायला येणार होते. मी म्हणालो, "अहो मिस्त्री, तुम्हाला कुठे विमान चालवायचंय!"

सगळे हसले. मिस्त्रीही हसले. पट्टा सोडून ते उतरले, चपला घातल्या आणि रंधा मारायला गेले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना परत बोलावलं. साहेबांच्या केबिनमधल्या सोफ्याची उशी त्यांच्या पाठीमागे लावली. आता पाय पोचला. मी तक्त्यात लिहिलं, 'पाच फूट एक इंच : पाठीमागे उशी घेऊन पोहोच पुरेशी.' संध्याकाळी तक्ता कॉम्प्युटरवर चढवताना तो रकाना अरुंद पडला. मी 'पाठीमागे उशी घेऊन' हे शब्द काढले. 'पोहोच पुरेशी' एवढं राहिलं. रकाना अरुंद होता, हे कारण मी स्वतःला दिलं. रकाना रुंद करायला दोन सेकंद लागतात.

चार दिवसांनी मिस्त्री एक लाकडी वस्तू घेऊन माझ्या टेबलाशी आले. दोन पट्ट्या, मधे खाचा, एक खिट्टी. खिट्टी उचलली की वरची पट्टी मागे-पुढे सरकायची.

"पेडल यावर बसवलं तं ज्याच्या त्याच्या पायापरमानं सरकवता येईल," ते म्हणाले. "म्या सहज करून पाह्यलं."

मी त्यांना समजावलं. पेडल सरकलं की त्याच्या तारांचा ताण बदलतो, वजन वाढतं, सगळी ड्रॉइंगं पुन्हा काढावी लागतात, चार महिने जातात. हे सगळं खरं होतं. त्यांनी मान हलवली. ती वस्तू त्यांनी परत नेली नाही, मी ती कपाटावर ठेवून दिली.

खरं विमान उभं राहायला पुढे दोन वर्षं लागली. त्याच सुमाराला एक तरुण मुलगी आमच्याकडे कामाला आली.

ती मौद्याची. वडील तिथल्या वीज केंद्रात ऑपरेटर. पायलटचं लायसन्स हातात होतं आणि नोकरी नव्हती. आमच्याकडे तिला कॅप्टनसाहेबांची मदतनीस म्हणून घेतलं. चाचणीच्या वेळी शेजारी बसून मीटरवरचे आकडे लिहायचे, कॅमेरे लावायचे, इंधन मोजून घ्यायचं. साहेबांनी तिला सांगितलं होतं की विमान उडायला लागलं की दुसरी पायलट तूच. ते ऐकून ती इतकी सरळ उभी राहिली की मला हसू आलं. उंची मिस्त्रींएवढीच.

पहिल्याच दिवशी ती कॉकपिटमध्ये बसली आणि उतरून माझ्याकडे आली.

"सर, सीट पुढे होत नाही का?"

"नाही. फिक्स आहे."

"मग पाठीमागे काही लावायला मिळेल?"

कॅप्टनसाहेब बाजूनेच जात होते. ते म्हणाले, "अरे, घर से एक तकिया ले आना. हमने भी बहुत तकिये लगाए हैं." दुसऱ्या दिवशी तिने उशी आणली. आईने शिवलेली, जुन्या गादीतला कापूस भरलेली, निळ्या फुलांच्या कापडाची. मी ती हाताने दाबून पाहिली. मऊ होती. मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं: ही उशी चालणार नाही, जोर लावला की ती दबेल, तुझी पाठ मागे जाईल आणि पाय तेवढाच मागे येईल. कंपनीत हे ज्याला कळायलाच हवं, असा माणूस मी एकटा होतो. मी उशी तिला परत दिली आणि म्हटलं, "छान आहे."

उडवण्याआधी विमान जमिनीवर पळवून बघतात. आधी हळू, मग जोरात, अगदी उचललं जाईल एवढ्या वेगात, आणि थांबवायचं. शहराबाहेर एक जुनी धावपट्टी आहे, तिथे आमच्या चाचण्या चालायच्या. त्या दिवशी सकाळी दोन फेऱ्या कॅप्टनसाहेबांनी मारल्या. तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "आता तू घे," आणि स्वतः उजव्या सीटवर बसले. दहा वाजत आले होते. वारा डावीकडून सुटला होता. असा वारा शेपटीला ढकलतो आणि विमानाचं नाक वाऱ्याकडे वळतं. ते सरळ ठेवायला उजवं पेडल दाबून शेपटीचं सुकाणू, म्हणजे रडर, वळवून धरावं लागतं, कधी कधी शेवटपर्यंत.

मी कडेला वॉकी-टॉकी घेऊन उभा होतो. विमान माझ्यासमोरून गेलं तेव्हा सरळ होतं. मग नाक डावीकडे कलायला लागलं. मी तिचा चेहरा पाहिला नाही, एवढ्या लांबून दिसला नसता. पण मी मनात दाबत होतो. दाब, दाब, दाब. विमान पट्टी सोडून काळ्या मातीत गेलं, पुढचं चाक रुतलं, त्याचा पाय वाकला आणि नाकावरचा पंखा जमिनीवर आपटून तुटला. आवाज फार मोठा झाला नाही. एखादं लाकडी फळकूट पडावं तसा.

आम्ही धावत गेलो. कॅप्टनसाहेबांचं मनगट मुरगळलं होतं. तिला काही झालं नव्हतं. ती विमानाच्या बाजूला उभी होती, दोन्ही हात मांड्यांना घट्ट लावून. मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. ती मला म्हणाली, "सर, मी पूर्ण दाबलं होतं. माझी पाठ मागे गेली."

मला त्या क्षणी सगळं कळलं. नंतर हळूहळू कळलं असं काही नाही. तिथेच, काळ्या मातीत उभा असताना कळलं. मी म्हटलं, "आधी पाणी पी."

दोन दिवसांनी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. आम्ही चौघंच. कॅप्टनसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. विमान वळायला लागलं, मुलीने पुरेसं पेडल दिलं नाही, बहुतेक घाबरली, आणि त्यांनी स्वतः आपल्या बाजूचं पेडल दाबेपर्यंत उशीर झाला.

"मी घाबरले नव्हते," ती म्हणाली. "होता तेवढा सगळा पाय दिला होता. उशी दबली. पेडल पुढे जाण्याऐवजी मीच मागे गेले."

कॅमेरे मीटरवर लावलेले होते. पाय कोणत्याच व्हिडिओत नव्हते.

साहेब माझ्याकडे वळले. "पेडलची पोहोच आपण तपासली होती ना? पाच-एकला?"

"हो," मी म्हणालो. "रिपोर्टमध्ये आहे."

"काय लिहिलंय?"

"पोहोच पुरेशी."

ती माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. एखाद्याला रस्ता विचारावा आणि उत्तराची वाट बघावी, तशी. मी समोरचा पेन उचलून त्याचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी तेव्हा काय विचार करत होतो, ते आठवायचा फार प्रयत्न केला आहे. विमान तुटलं आहे, दुरुस्तीत तीन महिने जाणार, आणि हे तीन महिने माझ्या एका शब्दामुळे गेले असं ठरलं तर मी इथे कसा वावरणार, एवढंच डोक्यात होतं. तिचा विचार आला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण आला नाही.

कागदावर लिहिलं गेलं, 'चालकाने रडरचा पुरेसा वापर केला नाही.' त्याखाली चौघांच्या सह्या. तिनेही केली. साहेबांनी सांगितलं की सध्या उड्डाणाचं काम नको, फायलींचं बघ. दोन आठवडे ती कोपऱ्यातल्या टेबलावर फायलींना नंबर देत बसली. मग तिने राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी हेडफोन जमा करायला ती माझ्याकडे आली.

"सर, एक विचारू? रिपोर्टमध्ये ते पाच फूट एक इंचाचं माप कोणाचं आहे?"

"मिस्त्रींचं."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. खिडकीतून मला दिसलं, फाटकाजवळ ती मिस्त्रींशी बोलत उभी होती. मिस्त्री मान खाजवत होते. एकदा त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे बघायला लागलो.

उशी ती विसरून गेली होती, की मुद्दाम ठेवून गेली, मला माहीत नाही. एका रविवारी शेडमध्ये कोणी नसताना मी गेलो, ती सीटच्या पाठीला लावली, वर फळी ठेवली आणि क्लॅम्पने आवळली. पायाने जोरात पेडल दाबताना पाठीवर जेवढा दाब येतो साधारण तेवढा. उशी दोन इंच दबली. म्हणजे पेडल पूर्ण दाबायला तिला नेमके तेवढेच दोन इंच कमी पडले होते. मी ते वहीत लिहिलं, आणि ते पान फाडून खिशात घातलं.

दुरुस्ती सुरू झाली. विमानाच्या नाकाचं झाकण नव्याने बनवायचं होतं, त्याचा साचा मिस्त्री घासत होते. मी मापं बघायला गेलो तर ते वर न बघता म्हणाले, "पोरीचं काई चुकलं नव्हतं, सर."

"तुम्ही त्यात पडू नका."

"म्या कुठं पडून राहिलो? म्या तं तिच्या आधीच बसून पाह्यलं होतं. तिचा नि माहा पाय एकच."

मला राग आला. त्यांच्यावर आला, हे आज विचित्र वाटतं. मी तिथून निघून गेलो आणि चार दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. पाचव्या दिवशी कपाटावरची ती लाकडी वस्तू काढली, झटकली, आणि ड्रॉइंग काढायला बसलो. पुढे-मागे सरकणारी पेडलं. तारांच्या ताणाचा प्रश्न मी सोडवला, त्याला तीन आठवडे लागले. चार महिने नाही. साहेबांना दाखवलं तेव्हा मी म्हणालो, विमान तसंही उघडलेलं आहे, तर ही सुधारणा करून घेऊ. शिकणाऱ्यांत मुली वाढताहेत, बाजारात उपयोग होईल.

"उत्तम," साहेब म्हणाले. "हे कधी सुचलं?"

"बऱ्याच दिवसांपासून डोक्यात होतं."

कॅप्टनसाहेबांनी पाठ थोपटली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माझं नाव आहे. पेडलांचे पहिले नमुने मिस्त्रींनीच बनवले, माझ्या कागदावरून.

दुरुस्ती, नवी पेडलं, पुन्हा चाचण्या यांत दीड वर्ष गेलं. मग विमान उडालं. त्या सकाळी धुकं होतं, ते निवळेपर्यंत आम्ही दीड तास वाट पाहिली. कॅप्टनसाहेब एकटेच आत होते. विमान पट्टीच्या मध्यापर्यंतही गेलं नाही, त्याआधीच चाकं सुटली. शेजारच्या शेतात तूर तोडणाऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. वीस मिनिटांनी ते उतरलं तेव्हा साहेब रडले, मीही रडलो. संत्रा बर्फीचे डबे फुटले. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. माझ्या रडण्यात आनंद नव्हता असं म्हणणार नाही. आनंद होता. पण उजवी सीट रिकामी होती आणि मी तिच्याकडे न बघता फोटोला उभा राहिलो.

त्या संध्याकाळी मी बायकोला पहिल्यांदा बरंचसं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी माझी बाजू मांडत होतो, म्हणजे रकाना कसा अरुंद होता, गुंतवणूकवाले कसे येणार होते. तिने मधेच विचारलं, "ती मुलगी आता काय करते?"

मला माहीत नव्हतं. दीड वर्ष झालं होतं आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्टची फाईल काढून ते पान उघडलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "हे तेव्हा सांगायला हवं होतं. आता मी हा एक कागद बदलला, की विमानाला मंजुरी देणारे सरकारी तपासणारे आपल्या प्रत्येक कागदावर शंका घेतील. पेडलं तर बदलली आहेतच. राहू द्या."

राहू द्यायला मला किती आवडलं असतं. पण शनिवारी मी मौद्याला गेलो. भंडारा रोडवरून जाताना वीज केंद्राच्या चिमण्या फार आधीपासून दिसायला लागतात, आणि त्या दिसल्या तसं मला परत फिरावंसं वाटू लागलं. फोन करून गेलो होतो, म्हणून फिरलो नाही.

दार वडिलांनी उघडलं. ती घरीच होती. विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर काम करत होती, त्या दिवशी सुट्टी होती. आईने पोहे केले. मी ताट बाजूला ठेवलं आणि सांगायला लागलो. मिस्त्रींचा पाय, सोफ्याची उशी, काढून टाकलेले तीन शब्द, रविवारची फळी. मी तिच्याकडे बघून सांगत होतो. ती पायाच्या बोटांकडे बघत होती.

मी थांबलो तेव्हा आतल्या दारातून तिची आई बाहेर आली. हातात झारा तसाच होता.

"म्हणजे उशीचं काही नव्हतं?" तिने मला विचारलं.

मला प्रश्न कळला नाही.

"मले वाटलं, मीच कापूस कमी भरला," ती म्हणाली. "पोरीनं सांगतलं होतं ना, उशी दबली म्हणून. म्या म्हटलं, माह्याच हातानं झालं. जुना कापूस होता. नवा आणला असता तं..."

"आई," मुलगी म्हणाली.

"दीड वर्ष ही तेच बोलून राहिली," वडील मला म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "रोज नाही. पण बोलते."

मी त्या बाईला म्हटलं, "तुमच्या उशीचं काही चुकलं नाही. कोणतीही उशी लागायलाच नको होती. ते माझं काम होतं." तिने मान हलवली आणि आत गेली.

मग मुलगी बोलायला लागली. "सर, मी दोन ठिकाणी मुलाखतीला गेले. दोन्हीकडे विचारलं, आधीची नोकरी काहून सोडली. मी खरं सांगितलं, की विमान पट्टीबाहेर गेलं. कोण चालवत होतं? मी. मग मी उशीचं सांगायला लागले की त्यांचे चेहरे बदलायचे. बहाणा वाटतो ना तो. मग मी जायचंच सोडलं."

"मी काय करू शकतो?"

"तुम्ही आत्ता जे बोलले, ते लिहून द्याल?"

मी क्षणभर थांबलो. तो क्षण तिने पाहिला, हे मला माहीत आहे. बोलणं वेगळं आणि सही वेगळी. उद्या ते पत्र कोणाच्याही हातात पडू शकत होतं, साहेबांच्या, तपासणाऱ्यांच्या, माझ्या पुढच्या नोकरीच्या. वडिलांनी एक वही आणि पेन टेबलावर ठेवलं.

मी लिहिलं. इंग्रजीत, कारण हे सगळं इंग्रजीतच चालतं. दोन पानं झाली. काढलेले शब्द कोणते तेही लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नाव, पद. वडिलांनी ते दोनदा वाचलं, एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "इथं तारीख टाका." मी टाकली. तिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "पोहे गार झाले असतील. गरम करून आणते." मला ते खावे लागले.

सोमवारी त्याच मजकुराची एक प्रत मी आमच्या रिपोर्टच्या फायलीत लावली आणि साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी ती काढली नाही. पण कॉकपिटचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्या इंजिनिअरला दिलं. तपासणाऱ्यांनी पुढे बरेच प्रश्न विचारले, काही मापं पुन्हा घ्यायला लावली, आणि विमानाच्या मंजुरीचं काम पुढे ढकललं गेलं. शेडमधल्या काही लोकांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. त्यांची चूक नाही. मी आता विमानाच्या देखभालीची पुस्तकं लिहितो.

मिस्त्रींकडे मी गेलो तेव्हा ते डबा उघडत होते. मी म्हटलं की पेडलांच्या ड्रॉइंगवर त्यांचंही नाव टाकायची विनंती मी साहेबांना केली आहे.

"नाव टाकून काय होते?" ते म्हणाले. मग पोळीचा तुकडा मोडून म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सगळे हसले होते ना, सर. घरी गेल्यावर म्या बायकोले सांगतलं, आज विमानात बसलो. तेवढंच सांगतलं."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "जेवा ना," आणि डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. त्यावर एक पोळी आणि ठेचा होता. नाव अजून ड्रॉइंगवर चढलेलं नाही. मी दर महिन्याला साहेबांना आठवण करून देतो.

मुलीकडून बरेच महिने काही कळलं नाही. मीही विचारलं नाही. तो हक्क मला आहे असं वाटत नव्हतं. मग गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तिचा मेसेज आला. दुसऱ्या राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलने तिला शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी घेतलं होतं. पुढे लिहिलं होतं, 'तुमचं पत्र दाखवावं लागलं नाही. त्यांनी माझं उड्डाण पाहिलं आणि घेतलं. पत्र आईने कपाटात ठेवलं आहे.'

मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात पुन्हा माझंच सगळं येत होतं, मला किती वाईट वाटलं, मी काय काय गमावलं. ते पुसलं. 'अभिनंदन. आईंना नमस्कार सांग,' एवढंच पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही, आणि यायला हवं असंही मला वाटत नाही. त्या दुपारी मी देखभालीच्या पुस्तकातल्या टायर बदलण्याच्या प्रकरणावर काम करत होतो. ते संपवलं, पानं तपासली, एका ठिकाणी जागा कमी पडत होती म्हणून रकाना रुंद केला आणि वाक्य पूर्ण लिहिलं.